बसकाकूवरचा बहिष्कार

सेत्सुयो नुकुईशी आमची वाडी जवळजवळ सहा वर्षं बोलली नाही. मीही बोललो नाही, आणि मी तर तिचा भिंतीला भिंत नसली तरी बांधाला बांध लागलेला शेजारी. हे सगळं सांगायचा मला हक्क आहे का, ते मला ठाऊक नाही. पण सांगू शकतील अशी आता इथे आम्ही अकराच माणसं उरलोय, आणि बाकीच्या दहांना हा विषय काढलेला खपत नाही.

आमची वाडी ओकुसाको. शिमाने प्रांताच्या डोंगरात, नदीच्या वरच्या अंगाला. सेत्सुयो पलीकडच्या खोऱ्यातली. तेविसाव्या वर्षी लग्न होऊन नुकुईंच्या घरात आली. नवरा लाकडाच्या गिरणीत होता, अबोल आणि भला. सासू मात्र जिभेने सोलून काढायची. लग्नाला तीन वर्षं झाली तरी पाळणा हलला नाही, तेव्हा ती चारचौघांत म्हणायची, "आमच्या घरात दगड आणून ठेवलाय. दगडाला निदान लोणच्याच्या पिंपावर वजन म्हणून तरी ठेवता येतं."

त्याच सुमारास शाळेच्या बसचा ड्रायव्हर म्हातारा होऊन घरी बसला. पुरुषांना ते काम नको होतं, कारण सकाळी एक फेरी, दुपारी एक फेरी, मधला दिवस फुकट. सेत्सुयोने कोणाला न विचारता शहरात जाऊन मोठ्या गाडीचा परवाना काढला. तिने पहिल्यांदा बस वळवून देवळासमोर उभी केली तेव्हा आम्ही चार-पाच जण मुद्दाम बघायला उभे होतो. "सांभाळून हो सेत्सुयो-सान, भाताचं पातेलं नाहीये ते!" असं मीच ओरडलो होतो. सगळे हसले. ती खिडकीतून म्हणाली, "पातेलं असतं तर तुम्हाला आधी त्यात घातलं असतं."

ते वर्ष एकोणीसशे चौऱ्याऐंशी. पाच वाड्यांची मिळून एकतीस मुलं तिच्या बसमध्ये होती. मुलं तिला बसकाकू म्हणायची. कोणत्या वळणावर कोणाला उलटी होते, कोणाचं डब्याशी भांडण आहे, कोणाचे आईबाप रात्री भांडले, तिला सगळं माहीत. माझा मुलगा पहिलीत असताना रोज तिच्या मागच्याच सीटवर बसायचा. आता तो योकोहामात आहे, एकेचाळीस वर्षांचा, एकटा. फोनवर लग्नाचा विषय निघाला की त्याला तेवढ्यात कोणाचा तरी दुसरा फोन येतो.

एकतीसची बावीस झाली, बावीसची नऊ, नऊची तीन. बस मोठीची लहान झाली. सेत्सुयोची सासू गेली, मग नवरा गेला. ती बस चालवत राहिली.

दोन हजार सोळा साली हिरोशिमाहून एक कुटुंब आमच्या वाडीत राहायला आलं. कुसुनोसे आडनाव. नवरा र्योहेई संगणकावर घरूनच काम करायचा, बायको मिहो शिवणकाम करायची, आणि पाच वर्षांची मुलगी इतोहा. ओसाड घरं फुकट द्यायची योजना नगरपालिकेने काढली होती, त्यातून ते आले. आमच्या वाडीत सतरा वर्षांनी लहान मूल आलं होतं. आम्ही त्यांना डोक्यावर घेतलं म्हणजे किती घेतलं! रोज सकाळी त्यांच्या दारात मुळा, वांगी, कोबी यांची रास. नगरपालिकेच्या पत्रकाच्या पहिल्या पानावर इतोहाचा फोटो. वाडीचे प्रमुख मोरिकाझु हातागावा दर आठवड्याला त्यांच्या घरी जाऊन बसायचे, हे तर ठरलेलंच.

हातागावांचा हिशेब साधा होता. इतोहा शाळेत जातेय तोवर शाळा बंद करता येणार नाही. शाळा आहे तोवर बस आहे, बस आहे तोवर रस्ता दुरुस्त होतो, रस्ता आहे तोवर आठवड्यातून दोनदा डॉक्टर येतो. म्हणजे त्या एवढ्याशा पोरीच्या दप्तरात आख्खी वाडी बसली होती.

त्यांनी हे तिला सांगूनही टाकलं. पहिलीच्या पहिल्या दिवशी, बसच्या दारात उभं राहून, तिच्या टोपीवर हात ठेवून: "इतोहा-चान, तू आहेस म्हणून शाळा आहे हं. नीट जेवायचं. आजारी पडायचं नाही."

शाळेत ती एकटी. एक मुख्याध्यापक, दोन शिक्षक, एक स्वयंपाकीण आणि ती. मैदानी खेळांच्या दिवशी ती एकटी धावली आणि आम्ही अठ्ठावन्न म्हातारे दोरीच्या दोन्ही बाजूंना टाळ्या वाजवत उभे. पहिला नंबर तिचा, शेवटचाही तिचाच. देवळाच्या जत्रेत ढोल तिने वाजवायचा, वृद्धदिनाला गाणं तिने म्हणायचं, नव्या पुलाची फीत तिने कापायची. मीही कॅमेरा घेऊन पुढे असायचो. त्या पोरीचे माझ्याकडे शंभरेक फोटो असतील. हसणारे सुरुवातीचेच.

आणि मिहोला प्रत्येक दारात एकच प्रश्न. "दुसरं कधी?" प्रमुखांची वहिनी तर मंदिराच्या पायरीवर तिच्या पोटावर हात फिरवून म्हणाली, "काय गं, अजून रिकामंच?" पुढच्या वर्षी मिहोला दिवस गेले. तिने कोणाला सांगितलंही नव्हतं, पण डॉक्टरच्या गाडीसमोर तिला कोणीतरी बघितलं. दुसऱ्या दिवशी तिच्या दारात सात घरांतून शुभप्रसंगाचा लाल भात आला. चौथ्या महिन्यात ते मूल गेलं. तेव्हा त्याच बायका आल्या आणि चहा पिता पिता म्हणाल्या, "तू जड उचललं असशील. शहरातल्या मुलींना कळत नाही." माझी बायको त्या दिवशी तिथे होती. तिने मला हे सांगितलं आणि आम्ही दोघांनी मान हलवली, जणू हवामानाची बातमी ऐकली.

इतोहाचं पोट दुखायला लागलं ते दुसरीत. सकाळी बसमध्ये चढताना हसायची, वळण आलं की पोट धरून वाकायची. एकदा तिने सेत्सुयोला विचारलं, "बसकाकू, मला ताप आला तर शाळा मरते का?"

"कोण म्हणालं?"

"कोणी नाही. पण प्रमुख आजोबा रोज विचारतात, ताप नाही ना, ताप नाही ना."

नोव्हेंबरात एक दिवस बस शाळेच्या फाटकात थांबली आणि इतोहा उतरेना. रडली नाही, ओरडली नाही, सीटची दांडी घट्ट धरून बसली. मुख्याध्यापक छत्री घेऊन बाहेर आले. सेत्सुयोने दार लावून घेतलं आणि बस सरळ पुढे काढली. चाळीस मिनिटांवर खालच्या गावात मोठी शाळा आहे. मधली सुट्टी चालू होती. कुंपणाच्या बाहेर बस उभी करून दोघी खाली उतरल्या. आत शे-सव्वाशे पोरं धुडगूस घालत होती. एक बॉल जाळीवर आपटला. एका मुलीने आतून विचारलं, "तू कितवीत?" इतोहा म्हणाली, "दुसरीत." "आम्हाला एक कमी आहे, येतेस?" आणि इतोहाने सेत्सुयोकडे असं पाहिलं म्हणे, की त्यानंतर सेत्सुयोला दुसरं काही सुचलंच नाही.

बस अकराला परत आली. फाटकात पोलिसांची गाडी, नगरपालिकेची गाडी आणि हातागावा उभे. सेत्सुयोला लेखी ताकीद मिळाली. त्याच संध्याकाळी मिहो तिच्या घरी गेली. रागावून गेली होती. पण सेत्सुयोने तिला बार्लीचा चहा दिला, सकाळचं सगळं सांगितलं, आणि मिहो तिथेच चुलीशेजारी बसून राहिली. शेवटी तिने विचारलं, "मी काय करू, सेत्सुयो-सान?"

"जा इथून," सेत्सुयो म्हणाली. "पोरीला घेऊन निघून जा. आम्ही तुम्हाला खाऊन टाकू."

फेब्रुवारीत कुसुनोसेंनी सांगितलं की मार्चअखेर ते खालच्या गावात राहायला जाताहेत.

वाडीच्या सभागृहात सभा झाली. बेचाळीस माणसं, दोन रॉकेलचे स्टोव्ह. हातागावा उभे राहिले. तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते, आवाज अजून खणखणीत. म्हणाले, "त्यांच्या डोक्यात हे कोणीतरी घातलं. आपोआप आलं नाही. कोणी घातलं?"

मागून सेत्सुयो म्हणाली, "मी."

सगळ्यांच्या माना वळल्या.

"तू त्यांना जायला सांगितलंस?"

"हो. मिहो-सानने विचारलं, मी सांगितलं."

"तुला कळतं का काय केलंस ते? शाळा गेली. आता बस जाईल, तुझंही काम जाईल!"

"जाऊ दे."

हातागावांचा चेहरा काळाठिक्कर पडला. ते म्हणाले, "बरोबर आहे. जिला स्वतःला एक पोर झालं नाही, तिला दुसऱ्याच्या पोराची काय किंमत? सासू उगाच नव्हती तुला दगड म्हणत."

कोणीतरी "हां, हां" म्हणालं. मी खाली चटईकडे बघत होतो.

सेत्सुयो उभी राहिली. आवाज चढवला नाही तिने. "हातागावा-सान, तुम्हाला तीन मुलं. थोरला ओसाकात, मुलगी फुकुओकात, धाकटा नागोयात. तिघांनाही मीच शाळेत सोडलंय. तुमच्या धाकट्याने सहावीत एकदा बसच्या दारात सांगितलं होतं, बाबा, मी इथेच राहून भात लावणार. तुम्ही त्याच्या थोबाडीत मारलीत. म्हणालात, अभ्यास कर, नाहीतर माझ्यासारखा इथे कुजशील. मी गिअर टाकून उभी होते. बसमधल्या सगळ्या पोरांनी ऐकलं."

"गप्प बस!"

"कामेई-सान, तुम्ही मुलीला काय सांगितलंत? शेतकऱ्याशी लग्न केलंस तर पाय ठेवू नको घरात. आणि मासानोबु-सान..." ती माझ्याकडे वळली. "जाऊ दे. एकतीस पोरं होती माझ्या बसमध्ये. सगळ्यांना तुम्हीच हाकललंत, एकेकाला, शिकवून शिकवून. आणि आता कोणाची तरी परकी पोर धरून ठेवलीत, म्हाताऱ्यांना टाळ्या वाजवायला. मी एकीला सोडवली. त्याची लाज मला वाटत नाही."

तिने चपला घातल्या आणि गेली. ती खोटं बोलली असती तर आम्ही तिला आठ दिवसांत माफ केलं असतं.

त्या दिवसापासून तिला वाळीत टाकलं. तसं कोणी ठरवलं नाही, ठरावही झाला नाही. आमच्याकडे सूचनांची पाटी घरोघर फिरते: गवत कापायचा दिवस, पाणी बंद राहणार, कोण वारलं. माझ्याकडून ती सेत्सुयोकडे जायची. पहिल्या सोमवारी मी पाटी हातात घेऊन तिच्या दारापर्यंत गेलो. मग वळलो आणि पुढच्या कामेईंच्या दारात ठेवली. कामेईंची म्हातारी म्हणाली, "शहाणपण केलंत." एवढंच. एवढ्यावर मी सहा वर्षं तिचं दार टाळत राहिलो.

तिच्या कचऱ्याच्या पिशव्या कचरा ठेवायच्या सामाईक जाळीतून काढून तिच्या अंगणात परत टाकल्या जायच्या. रानडुकरांसाठीचं तारेचं कुंपण सगळ्यांनी मिळून दुरुस्त केलं, तिच्या खाचराच्या कडेचा भाग तेवढा राहिला. त्या सप्टेंबरात डुकरांनी तिचा भात लोळवून टाकला. ती सकाळी बांधावर उभी होती. मी माझ्या अंगणात दात घासत होतो. ती म्हणाली, "मासानोबु-सान, तुमच्या भागातल्या तारा छान ताणल्यात हो." मी चूळ भरून आत गेलो.

शाळा बंद झाली, बस गेली. सेत्सुयोला महिनाभरात दुसरं काम मिळालं: खालच्या गावातल्या वृद्धांच्या दिवसकेंद्राची गाडी. ड्रायव्हर मिळत नव्हते, तिच्याकडे परवाना होता. म्हणजे ज्या वळणांवरून ती पूर्वी पोरांना उचलायची, त्याच वळणांवरून ती आता आम्हाला उचलायला लागली. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर व्यायामासाठी मलाही त्या गाडीतून जावं लागलं. मंगळवार आणि शुक्रवार. ती दार उघडायची, पायाखाली पायरी ठेवायची, पट्टा लावायची, आणि कोणी तिच्याशी बोलायचं नाही. सहा म्हातारे गाडीत, आणि बोलणं फक्त आपापसांत, तिच्या डोक्यावरून.

हातागावांच्या बायकोला, फुसाए-सानला, विसराळूपणाचा आजार लागला होता. केंद्रात पाठवा, डॉक्टर म्हणाले. हातागावा म्हणाले, "त्या बाईच्या गाडीत? मेली तरी चालेल." ते स्वतः बायकोला सोडायला जायचे. असं दोन वर्षं चाललं. मग एका पावसाळी सकाळी त्यांनी गाडी ओढ्यात घातली. दोघं वाचले, पण मुलांनी येऊन परवाना परत करायला लावला. त्यानंतरच्या शुक्रवारी हातागावा बायकोचा हात धरून फाटकात उभे होते, चेहरा डोंगराकडे.

सेत्सुयो उतरली. "फुसाए-सान, चला."

फुसाए-सान हसत गाडीत बसली आणि लगेच बोलायला लागली. "बसकाकू, आमचा धाकटा आज डबा विसरला हो. जरा थांबता का? आणि त्याच्या बापाला सांगू नका, तो मारतो."

"फुसाए!" बाहेरून हातागावा ओरडले. "तोंड बंद कर!"

"बघा, ओरडतो," फुसाए-सान म्हणाली. "ते पोर इथेच राहीन म्हणतं, आणि हा त्याला मारतो."

सेत्सुयोने तिचा पट्टा लावला, दार सरकवलं आणि गाडी काढली. हातागावा रस्त्यावर तसेच उभे. मला वाटलं होतं सेत्सुयोच्या तोंडावर समाधान दिसेल. मी आरशात पाहिलं. ती फक्त रस्ता बघत होती, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "डबा मी घेतलाय, फुसाए-सान. काळजी करू नका." पुढचे सगळे मंगळवार-शुक्रवार ती तेच सांगत राहिली.

फुसाए-सान दोन हजार चोवीसच्या जानेवारीत गेली. वाळीत टाकलेल्या घरालाही दोन प्रसंगी अडवायचं नसतं, आग लागली तर आणि मयत झाली तर. म्हणून सेत्सुयो आली. काळा पोशाख, हातात जपमाळ. उदबत्ती लावून ती दाराशी उभी राहिली, तिला कोणी चहा विचारला नाही. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि शववाहिका गल्लीच्या तोंडाशीच अडकलेली. शवपेटी दीडशे पावलं हातांवर न्यायची होती. मुलीच्या हातात आईचा फोटो, हातागावांच्या हातात तिच्या नावाची लाकडी पाटी. उचलायला दोन मुलगे, शववाहिकेचे दोघं आणि ऑपरेशन झालेल्या गुडघ्याचा मी. सहावा कोणी नाही. बाकीचे सगळे ऐंशीच्या पुढचे, काठ्या टेकून उभे.

सेत्सुयो पुढे आली आणि तिने कोपरा धरला.

"तू नको," हातागावा म्हणाले. "हात काढ."

धाकटा मुलगा ताकेहिसा माझ्यासमोरच्या बाजूला होता. सत्तेचाळीस वर्षांचा, डोक्यावरचे केस गेलेला. तो म्हणाला, "मग कोण, बाबा? सांगा ना. कोण आहे?"

हातागावांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग ते पुढे चालू लागले. आम्ही पेटी उचलली. सेत्सुयो माझ्या मागे होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. पेटी गाडीत सरकल्यावर ताकेहिसा तिच्यासमोर खाली वाकला, बराच वेळ वाकलेला राहिला. "बसकाकू," एवढंच म्हणाला. ती म्हणाली, "पाय ओले झालेत तुझे. आत जा."

एप्रिलमध्ये मुलांनी हातागावांना ओसाकाला नेलं. ते जाताना त्यांना निरोप द्यायला आम्ही नऊ जण उभे होतो. गाडीची काच खाली करून ते म्हणाले, "वाडी सांभाळा." सेत्सुयोच्या घरावरून गाडी गेली तेव्हा त्यांनी काच वर केली.

प्रमुख व्हायला कोणी तयार नव्हतं, म्हणून मी झालो. त्या वर्षी डिसेंबरातच बर्फाने रस्ता दोनदा बंद झाला. नगरपालिकेने आमच्या वाडीला बर्फ लोटायचं यंत्र दिलं, पण ते चालवायला माणूस आमचा आम्हीच शोधायचा. ते यंत्र चालवू शकणारं माणूस वाडीत एकच होतं. दोन दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या. बायको म्हणाली, "जा ना एकदाचे. वीस पावलं आहेत." सहा वर्षांनी मी सेत्सुयोच्या दारात उभा राहिलो, हातात तांदळाच्या मिठाईचा खोका.

तिने दार उघडलं, खोक्याकडे पाहिलं, घेतला नाही.

मी म्हणालो, "सेत्सुयो-सान, मी... त्या वेळी आम्ही जे वागलो..."

"मासानोबु-सान," ती म्हणाली, "माफी मागायला आलात की बर्फाचं विचारायला?"

मला खोटं बोलता आलं नाही. "दोन्ही."

"माफी राहू द्या. ती मी देणार नाही, तेव्हा तुम्ही उगाच वाकू नका, गुडघा दुखेल. बर्फाचं बोला."

मी बर्फाचं बोललो. तिने विचारलं की यंत्रात डिझेल कोण भरणार, सकाळी किती वाजता रस्ता मोकळा हवा, आणि तिचा कचरा जाळीत राहणार की नाही. मी म्हणालो, राहील. ती म्हणाली, "लिहून द्या." मी तिच्या उंबऱ्यावर बसून कागदावर लिहून दिलं आणि खाली माझ्या नावाचा शिक्का मारला. तिने कागद वाचला, घडी घातली, आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला रस्ता मोकळा होता. माझ्या घरापर्यंतचा सुद्धा.

आता ती सदुसष्ट वर्षांची आहे. कामाचं तेवढं बोलते. इतोहा यंदा नववीत आहे, खालच्या गावात बॉलच्या खेळाच्या संघात खेळते, असं मला दिवसकेंद्रात कळलं. मी गाडीत तो विषय काढला, तेव्हा सेत्सुयो आरशात माझ्याकडे बघून म्हणाली, "तिचे फोटो आहेत ना तुमच्याकडे? जाळून टाका ते."

मी अजून जाळलेले नाहीत.